सात फूट चार इंचांचा पैलवान

महाराष्ट्र केसरीच्या गटात उतरायचं तर पैलवानाचं वजन ८६ ते १२५ किलोंच्या दरम्यान लागतं. आता दवाखान्याच्या भिंतीवरचा उंची-वजनाचा तक्ता घ्या आणि उलटं गणित मांडा. १२५ किलोंच्या मल्लाला ‘जास्त वजन’ हा शिक्का चुकवायचा असेल, म्हणजे बीएमआय २५ वर थांबवायचा असेल, तर त्याची उंची सात फूट चार इंच हवी. गटातला सर्वांत हलका, ८६ किलोंचा गडी घेतला तरी त्याला सहा फूट एक इंच भरावं लागेल. भारतीयांसाठी आपल्या डॉक्टरांनी रेघ २३ वर आणली आहे. ती धरली तर त्याच हलक्या गड्याला सहा फूट चार इंच. श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेत तांदळाच्या पिंडींचं दर्शन घेऊन माणसं आखाड्याकडे वळतात. तिथल्या मानाच्या जोडीत या मापाचा गडी शोधायला गेलात, तर पुढचा श्रावण उजाडेल.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, एवढंच. उंची १७३ सेंटिमीटर आणि वजन ८६ किलो असेल, तर उत्तर येतं २८.७. जागतिक तक्त्यात हे ‘जास्त वजन’, भारतीय तक्त्यात थेट ‘लठ्ठ’. हे २८.७ तालमीत पहाटे जोर-बैठका मारणाऱ्या पोराचं आहे, की गल्ल्यावर बसून भजी खाणाऱ्या दुकानदाराचं, हे भागाकाराला कळत नाही. काट्यावर स्नायू, हाड, पाणी, चरबी आणि नुकतंच पोटात गेलेलं जेवण सगळं एकाच भावानं मोजलं जातं. स्नायूची घनता पाण्याहून थोडी जास्त, चरबीची कमी. म्हणून दहा किलो स्नायू साडेनऊ लिटरच्या आत मावतात, दहा किलो चरबीला अकरा लिटरहून जास्त जागा लागते. लहानपणी विचारायचे ते कोडं आठवा, किलोभर लोखंड जड की किलोभर कापूस. वजन सारखंच, गाठोडं वेगळं. बीएमआय गाठोडं बघत नाही.

आपली भाषा मात्र बघते. धिप्पाड, दणकट, काटक, सडपातळ, किडकिडीत, गुबगुबीत, लठ्ठ, थुलथुलीत, फोपसा: यांतला प्रत्येक शब्द वजनाबरोबर आणखी काही सांगतो. ‘फोपसा’ म्हणजे वजन आहे पण बळ नाही. ‘काटक’ म्हणजे वजन नाही पण बळ आहे. या दोन शब्दांत जेवढं शरीरशास्त्र आहे तेवढं त्या भागाकारात नाही. बेल्ह्याच्या बाजारात शर्यतीचा बैल घेणारा माणूस दात बघतो, खूर बघतो, खांद्यावर थाप मारतो, चालवून बघतो. बैल किती किलोंचा, असं विचारणारा तिथं वेड्यात निघेल. वजनावर जातात त्या कोंबड्या आणि बोकडं. म्हणजे जे कापायचं तेच.

मग हे माप माणसाला लागलं कसं? बेल्जियमचा अडॉल्फ केटले हा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या निरीक्षणातल्या चुकांची सरासरी काढता काढता त्याला माणसांची सरासरी काढायचा नाद लागला. १८३० च्या दशकात त्यानं दाखवलं की प्रौढांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. लठ्ठपणाशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला ‘सरासरी माणूस’ हवा होता. पुढं विमा कंपन्यांनी आपापले उंची-वजनाचे तक्ते चालवले. १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांची मापं तपासली आणि केटलेच्या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. त्या तपासणीत एकही बाई नव्हती आणि भारत नव्हता. उपलब्ध सोप्या सूत्रांत हे इतरांपेक्षा वाईट नाही, आणि समूहाच्या अभ्यासाला चालेल, इतपतच कीज यांचा दावा होता. समोर बसलेल्या एका माणसाला त्यावरून निकाल सुनावावा, असं ते म्हणत नव्हते.

निकाल मात्र सुरू झाले, आणि रेघाही सरकत राहिल्या. अमेरिकेत १९९८ पर्यंत पुरुषांसाठी रेघ २७.८ वर होती. त्या वर्षी ती २५ वर आणली आणि जवळजवळ तीन कोटी माणसं एक घासही जास्त न खाता ‘जास्त वजनाची’ झाली. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले. २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी सहमतीनं २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा ठरवला. रेघ खाली येण्याला सबळ कारण होतं, त्याकडे येतोच. पण प्रत्येक वेळी रेघ खाली आली की पैलवान आणखी वर गेला.

पैलवानांची तक्रार जगभर सारखीच आहे. अमेरिकेतल्या, अमेरिकी पद्धतीचं फुटबॉल खेळणाऱ्या व्यावसायिकांचा हिशोब २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ९७ टक्के खेळाडू २५ च्या वर निघाले आणि निम्म्याहून जास्त ३० च्या वर. हे धावणारे, झेपावणारे लोक. आपल्याकडे पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचा शिवराज राक्षे २०२३ च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरी झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात धाराशिवला दुसऱ्यांदा झाला. खेड, आंबेगाव, जुन्नर हा सगळा पट्टा चैत्र-वैशाखातल्या जत्रांचा. सकाळी घाटात बैलगाडे, संध्याकाळी कुस्त्या. रेवड्यांवर लढणाऱ्या पोरांपासून शेवटच्या इनामाच्या जोडीपर्यंत. या मातीत तयार झालेल्या पोरानं नोकरीसाठी किंवा विम्यासाठी वैद्यकीय तपासणी दिली की कागदावर ‘ओव्हरवेट’ येतं. घरचे हसतात, वस्ताद चिडतात. राज्याच्या पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराची उंची १६५ सेंटिमीटर आणि छाती ७९ लागते, फुगवून पाच सेंटिमीटर जास्त. ही छातीची अट जुन्या वळणाची आहे, पण निदान ती शरीराच्या एका भागाकडे बघते.

आसाम पोलिसांनी २०२३ मध्ये दुसरी वाट धरली: सगळ्या दलाचा बीएमआय मोजायचा, ३० च्या वरच्यांना तीन महिन्यांची मुदत द्यायची आणि नाही जमलं तर स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय ठेवायचा. ३० ही रेघ उदार होती, त्यामुळे निर्णय अगदीच आंधळा म्हणता येत नाही. तरीही अशा आदेशात एखादा कुस्तीगीर हवालदार सापडला, तर त्याच्यासाठी वेगळा रकाना हवा.

वजनकाट्याशी पैलवानाचं नातं तसंही वाकडंच. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली ५० किलोंच्या गटात अंतिम फेरीत पोचलेली विनेश फोगाट १०० ग्रॅमनं बाद झाली. वजन तोडायचं म्हणजे घाम गाळून पाणी काढायचं. शंभर ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी. त्यातून शरीर जाड की बारीक हे ठरत नाही, पण काट्याला ते पुरतं.

इथवर वाचून तालमीतली मंडळी खूश झाली असतील. आता त्यांना न आवडणारी गोष्ट.

स्नायूंचा भार हृदयाला सवलत देत नाही. त्याच अमेरिकी फुटबॉलपटूंमध्ये झोपेत श्वास अडखळण्याचा विकार सर्वसाधारण माणसांपेक्षा जास्त सापडला, आणि जाड मानेच्या धिप्पाड खेळाडूंत तर अधिकच. पैलवानाची मान हे त्याचं भूषण. ब्रिज मारून मारून कमावलेली. रात्री घोरण्याचा आवाज ओसरीपर्यंत येत असेल, तर ती मान एकदा डॉक्टरांना दाखवावी.

दुसरं, निवृत्तीचं. जपानच्या सुमो मल्लांची पोटं तपासली गेली तेव्हा असं दिसलं की सराव चालू असेतोवर त्यांची बहुतेक चरबी कातडीखाली असते. आतड्यांभोवतीची, धोक्याची चरबी त्यांच्या आकाराच्या मानानं कमीच. आखाडा सुटला, सराव थांबला, की ती आत साठू लागते. आपल्याकडची गोष्ट वेगळी नाही. वयाच्या तिशीत मेहनत सुटते, खुराक सुटत नाही. थंडाई, बदाम, तूप, दोन वेळचं मटण: अंगाला जी सवय लागली ती पंचाची टोपी घातल्यावरही राहते. अशा माणसाचा बीएमआय पंचविशीत ३० आणि पन्नाशीतही ३० असू शकतो. मधल्या काळात आत काय बदललं, ते आकडा सांगत नाही. आणि ‘पैलवानकीचं अंग आहे’ हा बचाव मात्र तोच राहतो. म्हातारपणी तर स्नायू झिजतात, त्यांची जागा चरबी घेते आणि काटा जागचा हलत नाही.

तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं. बीएमआयची पैलवानावर अन्याय करणारी चूक ठळक दिसते, पण ती दुर्मिळ आहे. उलटी चूक, म्हणजे चरबी असूनही माणसाला ‘बरोबर’ म्हणून सोडून देणं, कितीतरी जास्त घडते. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीवरून २००८ मध्ये हे तपासलं गेलं. ३० च्या वर बीएमआय असलेला माणूस खरोखरच जास्त चरबीचा असण्याची खात्री मोठी होती. शिक्का चुकीचा बसल्याचं प्रमाण पुरुषांत पाचेक टक्के. पण ज्यांच्या अंगात खरोखर जास्त चरबी होती, त्या पुरुषांपैकी बीएमआयनं पकडले जेमतेम ३६ टक्के, बायकांपैकी ४९ टक्के. बाकीचे तक्त्याखालून सटकले. तेव्हा ‘माझं वजन स्नायूंचं आहे’ असं म्हणणाऱ्या दहा जणांपैकी खरा पैलवान किती, हे ज्यानं त्यानं आरशासमोर ठरवावं. जिमला सहा महिने पैसे भरलेले सगळे त्यात येत नाहीत.

या उलट्या चुकीचा सर्वांत गाजलेला पुरावा पुण्याचाच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. तपासणीत युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. संशोधकानं स्वतःची चरबी जगासमोर मांडावी, ही गंमत खरीच. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणतात. पैलवानाच्या उदाहरणाचीच ही दुसरी बाजू. तिथं आकडा मोठा आणि चरबी कमी. इथं आकडा सभ्य आणि चरबी दुपटीहून जास्त.

हे कुठून सुरू होतं, तेही पुणे जिल्ह्यातल्याच खेड्यांत शोधलं गेलं. १९९३ पासून याज्ञिकांच्या गटानं सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती. स्नायू आणि पोटातले अवयव फारच कमी भरले होते. पण पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली चिमटीत येणारी चरबी त्या मानानं टिकून होती. बारीक दिसणारं, तरी आतून चरबी राखून असलेलं बाळ. आईच्या पोटात अन्न तुटपुंजं मिळालं की शरीर स्नायूंवर काटकसर करतं आणि चरबी जपतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. पुढं हेच बाळ मोठं होऊन ट्रॅक्टरच्या सीटवर किंवा मोटारसायकलवर बसतं, तेव्हा काटकुळे हातपाय आणि पुढं आलेलं पोट अशी आकृती तयार होते. मंचर-नारायणगावच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर ती दिसेल. बीएमआय २३-२४. मधुमेह मात्र चाळिशीच्या आत. रेघ २५ वरून २३ वर आणण्याचं सबळ कारण म्हणालो ते हेच.

म्हणून जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत एकच जागतिक तक्ता लावून बघा, काय होतं ते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात वीस किलोंचे क्रेट दिवसभर उचलणारा हमाल २६ वर येईल आणि ‘वजन कमी करा’ ऐकेल. बागायती पट्ट्यात बसून काम करणारा त्याचा व्यापारी २४ वर येईल आणि निश्चिंत घरी जाईल. आणि पश्चिमेला आहुपे, कोंढवळ, घाटघरकडच्या डोंगरात भात लावणारी, हिरडा गोळा करणारी महादेव कोळी किंवा ठाकर बाई १८ वर येईल. तिला ‘काटक’ म्हणून कौतुकानं सोडून देणं ही शहरी माणसाची लाडकी चूक. १८.५ च्या खाली गावच्या गाव असेल, तर ती उपासमारीची खूण आहे. तिथं बीएमआय नेमकं तेच काम करतो ज्यासाठी कीज यांनी तो सुचवला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १८.७ टक्के बायका १८.५ च्या खाली आणि २४ टक्के २५ च्या वर सापडल्या. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की देशाचं ताट कसं वाढलं जातं ते कळतं. समूहासाठी हे माप अजूनही स्वस्त आणि बिनतोड आहे. ते टाकून द्या म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

उंचीच्या वर्गाचीही एक खोट आहे, थोडक्यात सांगतो. माणूस उंच होताना फक्त दोन दिशांनी वाढत नाही. ऑक्सफर्डचे गणिती निक ट्रेफेथेन यांनी २०१३ मध्ये वर्गाऐवजी अडीच घात घ्या आणि १.३ नं गुणा, असं सुचवलं. १४८ सेंटिमीटर उंचीच्या, ५२ किलोंच्या बाईचा नेहमीचा बीएमआय २३.७, या सूत्रानं २५.४. १८५ सेंटिमीटरच्या ८६ किलोवाल्याचा २५.१ वरून २४. बुटक्यांना जुनं सूत्र झुकतं माप देतं आणि उंचांना दंड करतं. स्नायू आणि चरबीचा प्रश्न मात्र याही सूत्रानं सुटत नाही, कारण दोन्हीत वजन एकच.

मग मोजायचं कशानं? क्ष-किरणांच्या डेक्सा यंत्रानं चरबी, स्नायू, हाड वेगळं दिसतं. पण ते तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नाही. जिममधलं पायाखालून हलकी वीज सोडणारं यंत्र तुम्ही किती पाणी प्यायलात त्यावर मत बदलतं. चिमट्यानं कातडीची घडी मोजणं स्वस्त, पण मोजणारा हात सरावाचा हवा. राहता राहिली कंबर. धोका असतो तो पोटाच्या आतल्या चरबीचा, आणि तिचा ठाव कंबरेवरून बराचसा लागतो. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही रेघ धरतात. इंग्लंडच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेनं २०२२ मध्ये त्याहून सोपं सांगितलं: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा.

जाणकारांचं मतही याच दिशेनं सरकतं आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं २०२३ मध्ये एकट्या बीएमआयवर विसंबू नका, असं धोरण घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगानं लठ्ठपणाचं निदान करताना कंबरेसारखं दुसरं माप किंवा चरबीची थेट मोजणी हवी, असं सांगितलं, शरीराचं काम बिघडलंय का, हाही प्रश्न जोडला. त्याच महिन्यात भारतीय डॉक्टरांच्या सुधारित सूचना आल्या. त्यांनी २३ ची रेघ ठेवली, पण नुसतं वजन आणि पोटावरच्या चरबीसह आजार, असे दोन टप्पे वेगळे केले. मला यातलं सगळं पटतं असं नाही. २३ वर प्रत्येकाला ‘पहिला टप्पा’ म्हणणं मला घाईचं वाटतं. पण पोटाकडे बघायला लावलं, हे बरं झालं.

गंमत अशी की गावातल्या आशाताईंच्या हातात हे शहाणपण आधीपासून आहे. तिशीच्या पुढच्यांसाठी त्या जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात बीएमआय नाहीच. वय, तंबाखू-दारू, आठवड्यात किमान दीडशे मिनिटं अंगमेहनत होते का, घरात कोणाला रक्तदाब-मधुमेह आहे का, आणि कंबर. पुरुषाची ९० पर्यंत असेल तर शून्य गुण, ९१ ते १०० ला एक, त्यापुढं दोन. चालू पैलवानाला या फॉर्मवर न्याय मिळण्याची शक्यता तक्त्यापेक्षा बरीच जास्त. निवृत्त पैलवान मात्र त्यात सापडतो, आणि टपरीवरचा तो काटकुळा पोटाळ माणूसही.

टेपसुद्धा लागत नाही. सुतळी घ्या, टाचेपासून डोक्यापर्यंत उंची मोजून तोडा, मधोमध दुमडा. दुमडलेली सुतळी शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये गुंडाळून बघा. टोकं जुळली तर ठीक. ज्यांच्या कमरेला करदोटा आहे त्यांना वर्षानुवर्षं हे माप आपोआप मिळतच असतं, फक्त घट्ट झाला की आपण तो सैल करून बांधतो. मोजताना श्वास सोडलेला हवा, छाती फुगवायची नाही आणि पोट आत ओढायचं नाही. पैलवानांना यातलं शेवटचं फार जड जातं.